‘पैलतीर’चा चौदावा मसुदा

मी चौदावा मसुदा बोलतोय. एक मोठा कागद, मधोमध दुमडून केलेली चार पानं, डाव्या कोपऱ्यावर कॉफीचा डाग, आणि घडीवर बोटभर फाटलेला. ‘पैलतीर’ नावाच्या एका पटावरच्या खेळाचे नियम माझ्यावर छापले आहेत. हे सगळं मी आधीच सांगून टाकतो, कारण महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेली की काय होतं, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. कागदाला डोळे नसतात म्हणाल, तर नसोत. मी पाहिलं आहे आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझ्या आधी तेरा भावंडं झाली. एकही जगलं नाही. कुणाला शेगडीत घातलं, कुणाच्या पाठीवर किराण्याची यादी झाली. आठव्यात म्हणे ‘खेळाडू’ हा शब्द एकशे एकवीस वेळा आला होता आणि तरीही तो खेळाडू नक्की काय करतो हे कळत नव्हतं. मी जन्मलो तेव्हा मात्र मला लिहिणाऱ्या डेटलेफने चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, “झाला. यात आता चूक काढून दाखवा.”

डेटलेफ हा जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. बांधावरच्या दोन शेतकऱ्यांचं भांडण तो एका वाक्यात मिटवायचा, असं तो स्वतःच सांगतो. त्याने मला कलमं दिली, पोटकलमं दिली, आणि पोटकलमांनाही पिल्लं दिली. १.१.१ पासून ९.४.३ पर्यंत. मला फार मिजास होती त्याची. एवढे आकडे अंगावर असल्यावर कुणाला होणार नाही?

पण खेळ डेटलेफचा नव्हता. खेळ हार्टविगचा.

हार्टविगने एल्बे नदीवर एकतीस वर्षं फेरीबोट चालवली. त्याचा आवाज असा होता म्हणे, की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचं कुत्रं उठून उभं राहायचं. नोकरी संपली तेव्हा जुन्या बोटीतल्या बाकाची एक फळी त्याने मागून आणली आणि तिच्यातून हातभर पटासाठी एक बोटभर होडी कोरली. मग गायी कोरल्या, सफरचंदांच्या टोपल्या, सायकलवाले, एक नवरी आणि एक लठ्ठ पाद्री. पटाच्या मधोमध नदी. प्रत्येकाच्या पाच सोंगट्या अलीकडच्या काठावर. पत्ते टाकून त्या धक्क्यावर आणायच्या, होडीत चढवायच्या, पलीकडे उतरवून घरी पोचवायच्या. ज्याच्या पाचही आधी पोचतील तो जिंकला. होडीत जागा तिघांची.

बावीस वर्षं दर रविवारी दुपारी तीन वाजता त्याच्या स्वयंपाकघरात हा खेळ चालला. त्याची बायको इर्मेला, डेटलेफ आणि शेजारचं जोडपं. हार्टविग टेबलाच्या टोकाला बसायचा, जिथे नदी पटाबाहेर वाहून जाते तिथे. केक कापायचा, कॉफी ओतायचा, कुणी पाहुणा आला तर त्याला खेळ समजावून सांगायचा. एक ओळ कधी लिहून ठेवली नाही. “लिहायचं काय त्यात? बसा. मी सांगतो ना,” एवढंच म्हणायचा.

मागच्या जानेवारीत त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात गेला आणि आवाज गेला. म्हणजे आवाज राहिला, शब्द गेले. उरला एकच. “नाही, नाही.” कॉफी हवी असली तरी “नाही, नाही”, नको असली तरी “नाही, नाही”. समजायचं त्याला सगळं. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि त्याच्या डोळ्यांतही दिसायचं. रविवारची मंडळी एकदा भेटायला आली, केक खाल्ला, हवेबद्दल बोलली, आणि पटाच्या पेटीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. त्याच्यासमोर खेळायचं, आणि तो गप्प? कुणाला धीर झाला नाही. हार्टविगने खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि नदीकडे बघत बसू लागला. दिवसच्या दिवस.

इर्मेला हे तीन महिने बघत होती. मग एक दिवस तिने पटाचे फोटो काढले आणि खेळ छापणाऱ्या एका प्रकाशनाला पाठवले. तिथून संपादक कोर्डुलाबाई पेटी बघायला आल्या. त्यांनी लठ्ठ पाद्री हातात घेतला, उलटा करून बघितला आणि हसल्या.

“सोंगट्या सुरेख आहेत,” त्या म्हणाल्या. “खेळ कसा खेळायचा?”

इर्मेला आणि डेटलेफ दोघंही एकदम बोलायला लागले. कोर्डुलाबाईंनी हात वर केला.

“मला सांगू नका. कागदाला सांगा. हा खेळ कधीही न पाहिलेली चार माणसं मी आणते. त्यांच्यापुढे पेटी ठेवायची आणि नियमांचा कागद ठेवायचा. ती शेवटपर्यंत खेळली तर मी खेळ घेते. नाही खेळली तर पेटी परत. आणि घरच्यांनी तोंड उघडायचं नाही.”

“अजिबात?” डेटलेफने विचारलं.

“खोकायचंही नाही. खोकल्यातूनसुद्धा लोक नियम सांगतात. मी पाहिलंय.”

त्या गेल्यावर इर्मेला डेटलेफला म्हणाली, “त्याचं बोलणं गेलं ते गेलं. खेळ तरी राहू दे. तो पण पेटीत बंद झाला, तर हा माणूस त्या खिडकीकडून परत वळायचा नाही.” डेटलेफने पेन्सिलीला टोक काढलं. “चिंता करू नकोस. मला ‘पैलतीर’ तोंडपाठ आहे.”

तोंडपाठ! आज तो शब्द ऐकला तरी माझ्या घड्या आखडतात.

माझ्या जन्माच्या दिवशीची एक गोष्ट सांगायलाच हवी. इर्मेलाने मला हार्टविगपुढे धरलं आणि पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं. तो ऐकत होता. सहाव्या कलमावर त्याने डावा हात टेबलावर आपटला. “नाही, नाही!”

“काय नाही?” डेटलेफ दुखावला. “स्वल्पविराम?”

“नाही, नाही!” हार्टविगने बोटाने पट दाखवला आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. पुन्हा पट. पुन्हा छाती. छातीवर तर असं आपटलं की सदऱ्याचं बटण वाजलं.

मग इर्मेलाचा चेहरा उजळला. “अरे, त्याचं नाव! खेळ त्याचा आहे आणि आपण त्याचं नाव खाली बारीक अक्षरात टाकलंय!”

“एवढंच ना!” डेटलेफ म्हणाला. आणि माझ्या माथ्यावर ठळक अक्षरात आलं – रचनाकार : हार्टविग. हार्टविगने ते बघितलं, डोळे मिटले, आणि पुन्हा “नाही, नाही” म्हणाला. तेव्हा अक्षर आणखी मोठं केलं. इतकं मोठं की ‘पैलतीर’पेक्षाही मोठं. शेवटी त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली. इर्मेला हळूच म्हणाली, “दमला आज.”

मीसुद्धा तेच समजलो होतो हो. मला काय कल्पना!

जूनमधल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजता, गावच्या अग्निशमन दलाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मला टेबलावर मांडलं. शेजारी पेटी, कॉफीची किटली आणि लोण्याच्या केकचं ताट. समोर चार परकी माणसं. गुडरुन नावाच्या म्हाताऱ्या बाई, दोन्ही गुडघे अधू. त्यांचा मुलगा ओले, सून वीबके आणि एकोणीस वर्षांची नात तोम्के. या घराने आजवर पत्त्यांपलीकडे काही खेळलेलं नव्हतं. भिंतीशी खुर्च्या टाकून इर्मेला, डेटलेफ आणि चाकाच्या खुर्चीत हार्टविग. कोपऱ्यात वही घेऊन कोर्डुलाबाई.

तोम्केने मला उचललं. माझी छाती फुगली होती. आता बघा, म्हटलं, एकेक कलम कसं मोत्यासारखं उलगडतं.

“‘दोन एक,’” तिने वाचलं. “‘जो सर्वांत अलीकडे पाण्यावरून पलीकडे गेला असेल, त्याने सुरुवात करावी.’”

“मग मी,” ओले म्हणाला. “येताना पूल लागला.”

“आम्ही काय पोहत आलो?” वीबके म्हणाली. “एकाच गाडीत होतो.”

“मी पुढे बसलो होतो. माझं नाक आधी पोचलं.”

“नाकाचं काय सांगतोस?” गुडरुनबाई म्हणाल्या. “खाली दारात डबकं आहे. मी ते सगळ्यांत शेवटी ओलांडलं, गुडघ्यांमुळे. डबकं म्हणजे पाणी नाही का?”

मी थिजलो. हे कलम म्हणजे डेटलेफची लाडकी गंमत होती! पाच मिनिटं डबक्यावर चर्चा झाली. पूल मोजायचा की नाही, डबक्याला पैलतीर असतो की नाही. भिंतीशी डेटलेफच्या मानेची शीर उडायला लागली. कोर्डुलाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. शेवटी वयाचा मान म्हणून गुडरुनबाईंनी सुरुवात केली.

“‘तीन चार. प्रत्येकी तीन पत्ते वाटा. उरलेले बाजूला ठेवा.’”

“आण इकडे,” म्हणत गुडरुनबाई उठल्या, लंगडत खिडकीपाशी गेल्या आणि पत्त्यांचा गठ्ठा फुलांच्या कुंडीमागे नेऊन ठेवला.

माझा विश्वास बसेना. बाजूला म्हणजे पटाच्या बाजूला! हे काय सांगायला हवं होतं? पण शोधून पाहिलं तर माझ्या चारही पानांवर ते कुठेही नव्हतं. पुढे कलम होतं, ‘पाळी संपल्यावर उरलेल्यांतून एक पत्ता घ्यावा.’ म्हणजे प्रत्येक पाळीला खिडकीपर्यंत फेरी. दुसऱ्याच पाळीला गुडरुनबाई म्हणाल्या, “व्यायामाचा खेळ आहे हा. डॉक्टरांनी सांगितलेलं दिसतंय.”

“आई, तू बस, मी आणते,” वीबके म्हणाली.

“नको. माझे पत्ते बघशील.”

‘समोरचा काठ’ म्हणजे जवळचा की पलीकडचा हे कुठेच नव्हतं, तेव्हा ओलेने आपल्या सगळ्या सोंगट्या थेट पैलतीरी मांडल्या आणि न खेळताच जिंकल्याचं जाहीर केलं. तोम्केने कलम चार पुन्हा वाचलं, मग उलटं वाचलं, मग नुसतं माझ्याकडे बघत राहिली. मला कुणी असं आजवर बघितलं नव्हतं. डेटलेफ मला वाचायचा तेव्हा तो मला वाचतच नव्हता. स्वतःच्या डोक्यातलं वाचायचा. ही मुलगी फक्त जे लिहिलंय तेवढंच वाचत होती. आणि जे लिहिलं होतं ते किती थोडं होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी कसंबसं गाडं पुढे सरकलं. चौघं हसत होती, केक संपत होता. ओलेची गाय धक्क्यावर आली. वीबकेची नवरी होडीत चढली. ओलेची गायही चढली. तोम्केचा पाद्री धक्क्याच्या अलीकडे एक घर राहिला होता. इर्मेलाने पदर धरावा तसा आपल्या जाकिटाचा काठ मुठीत धरला होता. आता खेळ रंगणार, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

“‘सहा दोन,’” तोम्केने वाचलं. “‘होडी पैलतीरी जाते. सोंगट्या उतरतात.’”

चौघांनी होडीकडे बघितलं.

“बरं,” ओले म्हणाला. “कधी जाते?”

“आता,” म्हणून वीबकेने होडी ढकलली.

“ए, थांब! माझा पाद्री!” तोम्के ओरडली आणि तिने होडी परत ओढली.

“तिसऱ्याला जागा आहे ना? मग भरल्यावरच जाणार,” ती म्हणाली.

“कुठे लिहिलंय भरल्यावर?”

“कुठे लिहिलंय आता?”

“मग ज्याची पाळी तो हलवणार,” ओले म्हणाला. “माझी पाळी. माझी गाय आत आहे. चला.”

“आणि तुझी गाय उतरली की मग होडी तिकडेच ठेवशील, परत आणणारच नाहीस! ओळखते मी तुला एकवीस वर्षं.”

होडी इकडे आली, तिकडे गेली. चार हात तिच्यावर. मला उलटंसुलटं केलं गेलं, माझी घडी इथेच फाटली. सहा दोन, सहा तीन, सहा तीन एक. होडीत किती जण बसतात, कुठे बसतात, गाय आणि नवरी शेजारी चालतात की नाही, हे सगळं माझ्यावर होतं. होडी कोण हलवतो, ते नव्हतं. कधी हलवतो, तेही नव्हतं. मी स्वतःला माथ्यापासून तळापर्यंत धुंडाळलं. तळटीपाही सोडल्या नाहीत. नव्हतं! एवढे आकडे अंगावर, आणि ज्या होडीसाठी सगळा खेळ, तिला हलवणारं कुणी नाही!

मी डेटलेफकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. बोलायला नव्हे, नुसतंच. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. मग त्याने इर्मेलाकडे बघितलं आणि इर्मेलाने त्याच्याकडे. बावीस वर्षांत त्या दोघांपैकी एकानेही होडीला हात लावलेला नव्हता. शेजारच्या जोडप्यानेही नाही. कॉफी ओतता ओतता, केक कापता कापता, टेबलाच्या टोकावरून एक हात यायचा आणि होडी पलीकडे जायची. त्या हाताकडे कुणी कधी बघितलंच नाही. चार खेळाडू असं माझ्या माथ्यावर छापलं होतं, आणि टेबलाशी बावीस वर्षं पाच माणसं बसत होती.

पट. छाती. पट. छाती. आणि यांनी त्याचं नाव मोठं केलं! मी तेव्हा त्या मोठ्या अक्षरांवर फुशारलो होतो. शरमेने मला जाळून घ्यावंसं वाटलं.

इर्मेलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण अट म्हणजे अट. तिने गाल आतून चावला. टेबलाशी वीबके म्हणाली, “सोडा हो, काही कळत नाही यात. कॉफी घेऊ आणि जाऊ.” तोम्केने मला मिटलं. तेव्हाच कुणाच्या तरी कपातली कॉफी माझ्या कोपऱ्यावर सांडली. कोर्डुलाबाईंनी वही बंद केली.

“नाही, नाही.”

चाकं करकरली. हार्टविग डाव्या हाताने एकच चाक ढकलत होता, त्यामुळे खुर्ची वाकडीतिकडी येत होती. कुणी मदतीला उठायच्या आत तो टेबलाच्या टोकाशी पोचला, जिथे नदी पटाबाहेर जाते तिथे.

कोर्डुलाबाई उभ्या राहिल्या. “घरच्यांनी बोलायचं नाही असं ठरलं होतं.”

इर्मेलाला आता राहवेना. “बाई, तो बोलू शकत नाही!”

कोर्डुलाबाई परत बसल्या.

हार्टविगने डावा हात पुढे केला आणि चौघांची बोटं एकेक करून होडीवरून बाजूला केली. होडी अलीकडच्या धक्क्याला नीट लावली. आत नवरी आणि गाय. त्याने दोघांवर टिचकी मारली. दोन. मग एक बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं.

“काय म्हणतायत?” ओले कुजबुजला.

“थांबा म्हणतायत,” तोम्के म्हणाली.

हार्टविगने बोट टेबलाभोवती फिरवलं. तुझी पाळी. ओले खेळला. तुझी. वीबके खेळली. गुडरुनबाई खेळल्या, आणि खिडकीपर्यंत जाऊन आल्या. बोट वरच. तोम्केचा पाद्री धक्क्यावर आला, चढला. तेव्हा बोट खाली आलं, होडी सावकाश नदी ओलांडून पलीकडे गेली आणि धक्क्याला लागताना त्याने टेबलावर नखाने एक बारीक टकटक केली.

“हां!” गुडरुनबाई म्हणाल्या. “दोन चढले की एक पाळी थांबायचं. कुणी धावत येतंय का बघायचं. मग निघायचं. आमच्या गावचा फेरीबोटवाला असंच करायचा. अशीच मी एकदा बांधावरून धावत आले होते, लग्नाच्या आदल्या दिवशी.”

हार्टविगने त्यांच्याकडे बघितलं. “नाही, नाही,” तो म्हणाला, आणि तो हो होता हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

मग खेळ असा चालला की मी थक्क झालो. कुणी मला उघडलंसुद्धा नाही. लबाड्या, विनवण्या, “थांबवा ना हो, माझी टोपली येतेय!” आणि हार्टविगचं ते बोट. वीबके जिंकली. सासूला चिडवून तिने शेवटचा केकही उचलला.

कोर्डुलाबाई टेबलाशी आल्या. “हार्टविगराव बोलले नाहीत, तेव्हा अट मोडली असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “खेळ फार चांगला आहे. पण कागद नापास. आणि हार्टविगराव मी प्रत्येक पेटीत घालून देऊ शकत नाही.”

नापास. डेटलेफने मान खाली घातली. इर्मेला उठून पेटीचं झाकण शोधायला लागली. मला ते बघवेना.

“का नाही?” गुडरुनबाईंनी विचारलं. “तसा एक प्रत्येक घरात असतो. ज्याला जिंकायचं नसतं, सगळ्यांची कॉफी गरम आहे ना एवढंच बघायचं असतं. मी बसते होडीपाशी. माझे गुडघे आता खिडकीपर्यंत जायचे नाहीत. तुम्ही या इकडे माझ्या जागी.”

स्वतःच्या खेळात त्याला कधी कुणी खेळायला बोलावलं नव्हतं. इर्मेलाने येऊन त्याची खुर्ची टेबलाच्या लांब बाजूला लावली आणि पाच सोंगट्या त्याच्यापुढे ठेवल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्यानेच कोरलेल्या, पण कधी न खेळवलेल्या.

तो भयंकर खेळला! मला वाटलं होतं, रचनाकारच तो, तिघांना पाणी पाजेल. पण त्याला सवय होती सगळ्यांना पलीकडे न्यायची. स्वतःची गाय पुढे काढायचं सोडून तो तोम्केच्या पाद्र्याला वाट करून द्यायचा. शेवटून पहिला आला. आणि हसत होता. जानेवारीनंतर पहिल्यांदा, असं इर्मेला नंतर फोनवर सांगत होती.

“ठीक आहे,” कोर्डुलाबाई म्हणाल्या. “चार खेळाडू आणि एक नावाडी. पंधरावा कागद लिहा आणि मला दुसरी माणसं आणू द्या. पण तुम्ही लिहायचा नाही.” हे डेटलेफला होतं. “तुम्हाला खेळ येतो. ज्यांना आज दुपारी कळला, त्यांनी लिहावा.”

गुडरुनबाईंनी मलाच उलटं केलं आणि माझ्या मागच्या पानावरच्या मोकळ्या जागेत, डेटलेफची पेन्सिल मागून घेऊन, जाड अक्षरात लिहिलं – ‘पत्ते टेबलावरच ठेवा, पटाला लागून. सगळ्यांत म्हातारं माणूस सुरू करेल. एकजण खेळत नाही, तो होडी चालवतो. दोघं चढले की तो बोट वर करतो आणि सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत थांबतो, कारण कुणीतरी धावत येत असतं. मग होडी जाते आणि रिकामी परत येते.’ एकही आकडा नाही. डेटलेफने ते दोनदा वाचलं आणि पेन्सिल खिशात ठेवली.

पंधरावा जन्मला तो असा, माझ्या पाठीवर. शरद ऋतूत त्याला पाच परक्या माणसांपुढे बसवलं आणि कोर्डुलाबाईंनी पेटी परत पाठवली नाही. आता तो छापील आहे, गुळगुळीत आहे, हजारो पेट्यांत आहे. मी इर्मेलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात असतो, सुऱ्या आणि दोऱ्याच्या रिळाशेजारी. खण नीट लागत नाही, त्यामुळे मला फटीतून टेबल दिसतं. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. कुणाला काही शिकवायला बसाल, खेळ असो की स्वयंपाक असो, तर लिहिण्याआधी टेबलाशी बसलेली माणसं मोजा. जो काही मागत नाही, त्यालाही मोजा.

रविवार पुन्हा सुरू झाले आहेत. आता हार्टविग खेळतो. डेटलेफ आणि शेजारचं जोडपं खेळतं, आणि टेबलाच्या टोकाला, होडीपाशी, इर्मेला बसते. बावीस वर्षं खेळाडू होती, आता नावाडी झाली. हार्टविगचा डावा हात अजून हळू आहे. एक सोंगटी उचलून एक घर सरकवायला त्याला वेळ लागतो.

परवाच्या रविवारी मला पुन्हा धक्का बसला. होडीत दोघं चढलेली. इर्मेलाचं बोट वर. डेटलेफ खेळला, शेजारी खेळला, शेजारीण खेळली, हार्टविग खेळला. एक पाळी झाली. हार्टविगची गाय धक्क्यापासून अजून दोन घरं लांब. नियमाप्रमाणे होडी निघायला हवी होती. बोट वरच. दुसरी पाळी झाली. बोट वरच! मी खणात तडफडलो. हे चूक आहे, साफ चूक आहे, माझ्याच पाठीवर लिहिलंय, एकेक पाळी! आणि समोर बसला होता डेटलेफ, ज्याने आयुष्यात कुणाला वीतभर जमीन जास्त दिली नाही. तो खाली बघून कॉफी ढवळत होता. त्याच्या कॉफीत साखर नसते.

मला आवाज नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. तिसऱ्या पाळीला गाय आली, चढली, आणि मगच इर्मेलाने बोट खाली घेतलं.